सुग्राबीची तिसरी नोटीस

सुग्राबीला बसता येत नसे. गुडघे ठणठणीत होते, कंबरही कुरकुरत नव्हती. बसणं तिच्या अंगालाच मानवत नसे एवढंच. पुसदच्या त्या हायस्कुलात हेडमास्तरांच्या खोलीबाहेर तिच्या नावाचं एक स्टूल बावीस वर्षं ठेवलेलं होतं. त्यावर पोरांची दप्तरं बसली, खडूची खोकी बसली, पाण्याचा जग बसला. सुग्राबी काही बसली नाही. घंटा देऊन झाली की ती व्हरांड्यात, व्हरांड्यातून नळावर, नळावरून फाटकाशी. नवे मास्तर तिला पाहूनच दमायचे.

शाळा मुसलमान मंडळींच्या एका संस्थेची. पुढच्या इमारतीत उर्दूचे वर्ग, मागच्या इमारतीत मराठीचे. फाटकातून आत शिरलं की उजव्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं एकवीस नियम रंगवलेले, दोन्ही लिप्यांमध्ये. नखं कापलेली असावीत इथपासून गणवेशात बाजारात भटकू नये इथपर्यंत सगळं त्यात होतं. ते एकवीसच्या एकवीस कुणी वाचले असतील तर ते रंगाऱ्यानं. त्यातला नववा मात्र सुग्राबीला तोंडपाठ होता, कारण तो तिच्या पायांवर चालायचा. विद्यार्थी न सांगता गैरहजर राहिला तर घरी नोटीस, नोटिशीवर पालकाची सही. पुन्हा तसंच झालं तर दुसरी. तिसरीला पालकानं समक्ष शाळेत यायचं, हमीपत्र लिहून द्यायचं, नाहीतर दाखला हातात घ्यायचा. नोटीस घरी पोचवणं आणि सही घेऊन परत आणणं हे सुग्राबीचं काम. कापडी पिशवीत नोटीस, पायात रबरी चपला, आणि बाई निघाली.

नियमांच्या समोरच्या भिंतीला एक दार होतं आणि दारावर पाटी होती, ‘समुपदेशन कक्ष’. तपासणीला साहेब येणार होते त्या आठवड्यात ती घाईघाईनं ठोकलेली. आत तीन पायांची बाकं, कवायतीचे डंबेल्स आणि स्नेहसंमेलनाची गुंडाळलेली ताडपत्री. किल्ली सुग्राबीच्या कमरेला. एखादी पोरगी नळाशी रडताना दिसली की सुग्राबी ते कुलूप काढायची, तिला ताडपत्रीवर बसवायची, पेलाभर पाणी द्यायची आणि स्वतः दारात येरझाऱ्या घालत तिचं ऐकायची. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, समुपदेशन म्हणून त्या शाळेत जे काही होतं ते एवढंच.

आता तिचं एक गुपित सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. आठ वर्षांपूर्वी एका पोराच्या घरी ती नोटीस घेऊन गेली. त्या पोराचा बाप कागद नुसता पाहूनच पट्टा काढायचा, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक. सुग्राबी दारापर्यंत गेली आणि परत फिरली. वाटेत एका ओट्यावर कागद ठेवून तिनं बापाच्या नावानं सही ठोकली आणि पोराला गाठून असा काही झाडला की दुसऱ्या दिवशी तो प्रार्थनेला पहिल्या रांगेत. काम झालं, पट्टा वाचला. सुग्राबीला वाटलं, यात काय वाईट? पुढे वर्षा-दीड वर्षानं एखादी सही अशी होत राहिली. तिला लिहिता येत होतं सातवीपर्यंतचं, आणि सह्या करायला तेवढं पुरतं.

नोव्हेंबरात मुख्तार मेकॅनिक वारला. पुसद-दारव्हा रस्त्यावरच्या निम्म्या काळीपिवळी जीपा त्याच्या हातच्या. जीपखाली झोपलेला असतानाच छातीत कळ आली आणि उठलाच नाही. शाळेतले मास्तरही जनाज्याला गेले, कारण मुख्तारची एकुलती एक पोरगी कहकशां दहावीला होती, मराठीच्या वर्गात, आणि हुशार होती. मुख्तारची बायको जैतुनबी इद्दतीत बसली. नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस घरात राहायचं. नटायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मार्चच्या शेवटाला इद्दत संपणार होती. दहावीची परीक्षा फेब्रुवारीत.

डिसेंबरात कहकशां चार दिवस शाळेत आली नाही. पहिली नोटीस निघाली. सुग्राबी घेऊन गेली तेव्हा जैतुनबी पडद्याआड खाटेवर बसलेली, पांढरी ओढणी, हातात जपाची तसबीह. जैतुनबी राळेगावकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली. मोहल्ल्यात बाकीचे हिंदी-उर्दू बोलोत, तिच्या तोंडी वऱ्हाडीच.

“काय व आपा, शाळेतून काही हाय का?” तिनं विचारलं.

“काही नाही. तुले पाहाले आली,” सुग्राबी म्हणाली. पिशवीतला हात पिशवीतच राहिला.

“माही कहकशां रोज शाळेत जाते, आपा. सकाळी तिची वेणी घालून देतो तेवढाच जिवाले आराम. बाकी दिवस खाले उठते.”

आता यावर कोण नोटीस काढणार? सुग्राबीनं चहा घेतला, उभ्यानंच. परत येताना वाटेवरच्या ओट्यावर कागद ठेवला आणि सही केली. तिच्या हिशेबी इद्दतीतल्या बाईपुढे असला कागद धरणं म्हणजे अदब सोडणं. कहकशांला तिनं शाळेत गाठलं, पोरगी म्हणाली, “पोटात दुखत होतं, खाला.” दोन दिवस आली, पुन्हा गायब. जानेवारीत दुसरी नोटीस, दुसरी सही. या खेपेला सुग्राबी जैतुनबीच्या गल्लीतही गेली नाही.

शनिवारी सकाळी हेडमास्तर परवेज सरांनी तिला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. मुख्तारच्या जनाज्याला त्यानं खांदा दिला होता. पण त्याच्यासमोर दोन्ही नोटिसा होत्या, दोन्हीवर सही होती, आणि संस्थेच्या एका मेंबरनं कहकशांला शाळेच्या वेळेत गणवेशात नदीकडे पाहिलं होतं.

“दोन नोटिसा गेल्या, खाला. आईनं दोन्हींवर सही केली आणि मुलीला मोकळं सोडलं. म्हणजे घरी माहीत आहे आणि चालतं आहे,” परवेज सर म्हणाले. “उपस्थिती इतकी कमी की मला प्रवेशपत्र देता येत नाही. तिसरी नोटीस काढली आहे, पण ती बाई इद्दतीत, समक्ष येणार कशी? म्हणून मी मुलीच्या चाचांना फोन केला, दारव्ह्याला.”

“काय म्हनले चाचा?”

“सोमवारी अकराला येतो म्हणाले. दाखलाच देऊन टाका म्हणाले. मुलगी त्यांच्याकडे नेतील.”

“अन् परीक्षा, सर?”

“पालकच दाखला मागत असतील तर मी काय करणार? ही तिसरी नोटीस नियमाप्रमाणे घरी देऊन या.”

सुग्राबी बाहेर आली आणि फाटकापर्यंत जाऊन परत आली, परत फाटकापर्यंत गेली. ‘आईनं सही केली आणि मुलीला मोकळं सोडलं.’ वाचवायला म्हणून केलेल्या सह्या त्या बिचारीच्या विरुद्ध साक्षीला उभ्या राहिल्या होत्या. सुग्राबीनं घंटेचा दांडा दुसऱ्या शिपायाच्या हातात दिला आणि नदीच्या वाटेला लागली.

पोरगी सापडायला अर्धा तासही लागला नाही. कब्रस्तानासमोर रस्त्यावर एक लहान पूल आहे, त्याच्या कठड्यावर कहकशां बसली होती. गणवेश, दोन वेण्या, शेजारी दप्तर, मांडीवर इतिहासाचं पुस्तक. बायका कब्रस्तानात जात नाहीत, ही आपल्याकडची रीत. तिथून फाटकाच्या गजांमधून आतलं दिसतं मात्र. सुग्राबी जवळ आली तेव्हा पोरगी मोठ्यानं वाचत होती आणि वाचताना कब्रस्तानाकडे बघत होती. सुग्राबीला पाहून तिनं पुस्तक मिटलं.

“इथं बसून राह्यली तू? दोन महिने?” सुग्राबीचा आवाज चढायला निघाला होता, तो मध्येच खाली आला.

“अब्बा जीप दुरुस्त करत अन् मी बाजूले बसून धडा वाचत होती, खाला. ते म्हनत, मोठ्यानं वाच, मले बी समजू दे.” कहकशां चपलेच्या टोकानं माती उकरत राहिली. “अम्मी घराभाईर येऊ शकत नाही. मले आत जाऊ देत नाही. मग कोनीतरी जवळ पाहिजे ना?”

“वर्गात काहून नाही सांगितलं कोनाले?”

“वर्गात बसलं की छाती भरून येते. सगळे माह्याकडे पाहून राह्यले असं वाटते.” मग पोरीनं सुग्राबीचा पदर धरला. “अम्मीले नोका सांगू, खाला. ते इद्दतीत हाय. तिले तरास होईल.”

सुग्राबीनं पदर सोडवून घेतला, जरा जोरातच. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं.

बावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा याच शाळेत शिपाई होता. तो गेला, ती इद्दतीत बसली, आणि तिची तस्लीम तेव्हा याच शाळेत सातवीला. त्या दिवसांत तस्लीम दिराच्या घरी असायची, अधूनमधून पडद्याजवळ येऊन उभी राहायची. काही बोलायची नाही, थोड्या वेळानं जायची. सुग्राबीला वाटायचं, बापाची आठवण येत असेल. चार महिने दहा दिवसांनी ती बाहेर आली, नवऱ्याच्या जागी तिला नोकरी मिळाली, आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कपाट झाडताना दाखल्यांचं रजिस्टर हाताशी आलं. तस्लीमचा दाखला दिराच्या सहीनं केव्हाच निघालेला होता. शाळा सोडण्याचं कारण, ‘पालकांच्या विनंतीवरून’. दीर म्हणाला, “भाभी, तू इद्दतीत, तुला कशाला त्रास द्यायचा?” त्याच्याही मनात खरं तर वाईट नव्हतं. तोवर वर्ष बुडालं होतं. तस्लीमचं नाव पुन्हा शाळेत लागलं नाही, आणि मायलेकी त्यावर कधी बोलल्या नाहीत; पंधराव्या वर्षी दिग्रसला देऊन टाकली. बसून राहिल्यानं काय होतं ते सुग्राबीनं असं पाहिलं, आणि त्यानंतर ती बसली नाही. आणि आज बावीस वर्षांनी तिनं स्वतःच्या हातानं, ओट्यावर कागद ठेवून, दुसऱ्या एका इद्दतीतल्या बाईशी नेमकं तेच केलं होतं.

रविवार कसा गेला ते विचारू नका. तिनं घर दोनदा झाडलं, एकदा धुतलं. जैतुनबीच्या गल्लीपर्यंत तीन वेळा गेली आणि तीन वेळा परत आली. सांगावं तर सह्यांचं फुटणार. निवृत्तीला दोन वर्षं, खोट्या सह्यांबद्दल घरी बसवलं तर? न सांगावं तर सोमवारी अकरा वाजता दारव्ह्याची जीप येणार. शेजारीण ओरडली, “सुग्राबी, एका जागी ऱ्हाय ना व, मले चक्कर येऊन राह्यली!” सुग्राबी तिच्यावर उगाचच भडकली. भडकायचं होतं स्वतःवर, पण शेजारीण जवळ होती.

सोमवारी नऊला कहकशां वेण्या घालून, दप्तर घेऊन बाहेर पडली. गल्लीच्या टोकाशी उभी असलेली सुग्राबी लगेच आत शिरली. पडदा सारला आणि उभ्यानंच सगळं बोलून टाकलं: कब्रस्तान, पूल, तीन नोटिसा, दोन सह्या, दारव्ह्याचा चाचा, अकरा वाजता. जैतुनबीच्या हातातली तसबीह थांबली.

“माह्या नावानं तू सही केली?”

“केली.”

“माही पोट्टी दोन महिने रस्त्यावर बसली, अन् तू माह्या घरी चहा पिऊन गेली?”

“तू इद्दतीत होती म्हनून, जैतुन. तुले तरास नोको म्हनून.”

“इद्दतीत बसली हावो मी, मेली नाही!” जैतुनबी उठली. बुरखा तिनं पहिल्या खेपेत खुंटीवरून काढला. दारातून शेजारची म्हातारी म्हणाली, अगं इद्दत, लोक काय म्हणतील. जैतुनबीनं चप्पल घातली आणि म्हणाली, “पोरीसाठी जाऊन राह्यली, चाची. अल्ला मले पाहते, लोकायले पाहू द्या.” आणि उंबरा ओलांडला. सुग्राबी मागून चालत होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला मागं टाकत होतं.

वाट पुलावरून होती. कहकशांनं लांबूनच आईला ओळखलं आणि ताडकन उभी राहिली. पुस्तक खाली पडलं. ती रडायला लागली, माफी मागायला लागली. जैतुनबीनं पोरीचं डोकं छातीशी घेतलं आणि फाटकाच्या गजांकडे पाहिलं. नवरा गेल्यापासून तीही पहिल्यांदाच इथवर आली होती.

“कोनती?” तिनं विचारलं.

कहकशांनं बोट केलं. लिंबाच्या पलीकडची, नव्या मातीची. जैतुनबीनं हात उचलून फातिहा म्हटलं. मग पडलेलं पुस्तक उचलून झटकलं आणि पोरीच्या दप्तरात घातलं. “चाल,” ती म्हणाली, “तुह्या शाळेत.”

चाचा आधीच येऊन बसला होता आणि परवेज सरांनी दाखल्यांचं पुस्तक बाहेर काढलेलं होतं. सुग्राबीनं कमरेची किल्ली काढली, समुपदेशन कक्षाचं कुलूप उघडलं, बाकं बाजूला ढकलली आणि मायलेकींना आत ताडपत्रीवर बसवलं. पडदा लावायला काही नव्हतं, म्हणून स्वतःच दारात आडवी उभी राहिली. परवेज सर व्हरांड्यात आले, भिंतीकडे तोंड करून, रंगवलेल्या नियमांसमोर. चाचाही आला, तोंड पाडून. भावजय इद्दत मोडून येईल हे त्याच्या डोक्यातही नव्हतं.

“सर, आधी माहं ऐका,” सुग्राबी म्हणाली. “त्या दोन सह्या हिच्या नाहीत. माह्या हायेत.” परवेज सर वळले. “हिले नोटीस दाखवलीच नाही मी. काय करायचं ते माहं करा. पोरीचं नोका करू.”

आतून जैतुनबीचा आवाज आला. “सर, कागद आत पाठवा. तिसऱ्या नोटिशीवर मी सही करतो. हमीपत्र बी लिहून देतो. माही पोट्टी उद्यापासून येईल. वर्गात तिची छाती भरली तर तिले या खोलीत बसू द्या, घरी नोका पाठवू. अन् देवरजी, दाखला तिचा बाप असता तर काढला नसता. म्या बी काढत नाही.”

चाचानं दोनदा घसा खाकरला. “मी तर तुमच्याच भल्यासाठी, भाभी,” तो म्हणाला. सुग्राबीनं पिशवीतली तिसरी नोटीस काढून आत दिली. जैतुनबीनं सही केली, अक्षर अक्षर सुटं, मोठं, शाळकरी. परवेज सरांनी ती घेतली आणि आधीच्या दोन सह्यांशेजारी धरून बराच वेळ पाहिली. एकीचीही दुसरीशी जात जुळत नव्हती. साधं नजर टाकण्याचंच काम होतं, आणि ते दोन महिन्यांत त्यांनीही केलं नव्हतं. त्यांना ते समजलं असावं, कारण त्यांनी दाखल्यांचं पुस्तक उचलून कपाटात ठेवलं. उपस्थितीबद्दल बोर्डाला वडलांच्या मृत्यूचा दाखला जोडून पत्र लिहितो म्हणाले, आणि त्याच दुपारी लिहिलं.

सुग्राबीचं तेवढ्यावर सुटलं नाही, सुटायलाही नको होतं. लेखी खुलासा द्यावा लागला. नोटिशीची पिशवी काढून घेतली. निवृत्तीपर्यंत फाटकाशी बसायचं, जागा सोडायची नाही, असा हुकूम झाला. स्टूल हेडमास्तरांच्या खोलीबाहेरून उचलून फाटकाशी आलं. सुग्राबी पहिले आठ दिवस त्याच्या शेजारी उभी राहिली.

त्या आठ दिवसांत कहकशां रोज आली. एकदा तिसऱ्या तासाला किल्ली मागायला आली, पाऊण तास ताडपत्रीवर बसून मोठ्यानं भूगोल वाचला आणि परत वर्गात गेली. नवव्या दिवशी प्रवेशपत्रं वाटली. मधल्या सुट्टीत तिनं आपलं सुग्राबीला दाखवलं, फोटो, नंबर, सगळं. सुग्राबीनं ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, परत दिलं, आणि फोन काढून दिग्रसला लावला.

“तस्लीम,” ती म्हणाली, “तुहा दाखला काढला तवा तू पडद्याजवळ येऊन उभी राहत होती. काहून?”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. “आता कायले काढते ते, अम्मी?”

“सांग.”

“तुले विचाराले येत होती. पन तोंड नाही उघडलं.”

“मले माहीतच नव्हतं, बेटा. मले कोनी सांगितलंच नाही. मी उठून आली असती.”

सुट्टी संपत आली होती, पोरं फाटकातून धावत आत येत होती.

“बावीस वर्षं मले वाटलं,” तस्लीम म्हणाली, “तुले विचारूनच काढला.”

सुग्राबीनं मागे हात नेऊन स्टूल चाचपलं आणि खाली बसली. घंटा झाली, फाटक लावायचं होतं, पोरं “खाला, खाला” करत होती. तिला उठता येईना.